बेकर स्ट्रीटच्या पोटात

लंडनच्या बेकर स्ट्रीटचे नाव काढले की मराठी वाचकाला शेरलॉक होम्स आठवायचाच. तिथल्या भुयारी स्टेशनाच्या भिंतींवरही या स्वारीचे, तोंडात पाईप धरलेले, डोके जागोजाग छापले आहे. पण खरी मौज आहे ती पाच आणि सहा नंबरच्या फलाटांवर.

१० जानेवारी १८६३ रोजी जगातली पहिली भुयारी आगगाडी पॅडिंग्टनहून फॅरिंग्डनला गेली, ती याच फलाटांमधून. आपला बोरघाटही त्याच वर्षी खुला झाला. आपल्याकडे कातळ फोडला, तिकडे भर वस्तीतला रस्ता! रस्ता उकरायचा, खंदकात रूळ घालायचे, वर विटांची कमान चढवायची आणि पुन्हा रस्ता करून टाकायचा. त्यामुळे हे फलाट फारसे खोल नाहीत.

आणि ओढायला काय, तर वाफेचे इंजिन! वाफ पाण्याच्या टाकीत सोडून जिरवण्याची युक्ती होती. पण धुराला कुठे जिरवणार? विजेची गाडी आली १९०५ साली. तोवर चाळीसएक वर्षे लंडनकर नाकाला रुमाल लावून का होईना, पण याच गाडीने जात होते. वरच्या रस्त्यावर घोडागाड्यांची कोंडीच तशी होती.

या गाडीसाठी सर्वांत अधिक झटला तो चार्ल्स पिअर्सन नावाचा वकील. मजुराने शहरातल्या कोंदट खोलीत का कुजावे, बाहेर मोकळ्या हवेत राहून त्याने स्वस्त गाडीने कामावर का येऊ नये, हा त्याचा ध्यास. आणि झाले काय? फॅरिंग्डनकडे मार्गासाठी जी घरे पाडली, ती गरिबांचीच. मजुरांसाठी पहाटेच्या सवलतीच्या गाड्या १८६४ मध्ये सुरू झाल्या खऱ्या. पण पिअर्सन सप्टेंबर १८६२ मध्येच वारला होता. पहिली गाडीदेखील त्याला दिसली नाही.

आज इथे दहा फलाट आणि पाच मार्ग आहेत. नवख्याने आधी पाटी वाचावी, मग पाय उचलावा. एक ते चार मेट्रोपॉलिटनचे, जमिनीलगत. सात ते दहा खोल पोटात, सरकत्या जिन्याने उतरायचे. आठ-नऊवर १९०६ ची बेकरलू (बेकर स्ट्रीट आणि वॉटर्लू यांची ही खिचडी एका वर्तमानपत्राने शिजवली!), तर सात आणि दहावर १९७९ ची ज्युबिली. डोक्यावर चिल्टर्न कोर्ट नावाची टोलेजंग इमारत, एच. जी. वेल्स आणि अर्नोल्ड बेनेट तिथे राहत असत.

मुंबईकरालाही २०२४ पासून भुयारी मेट्रो आहे, झगझगीत, थंडगार. त्या सवयीने पाच नंबरवर उतरलात तर अंधारेच वाटेल. जरा थांबावे. पिवळसर विटांच्या कमानीत दोन्ही बाजूंना खोल कोनाडे दिसतील, तिरपे वर गेलेले. दिवाळीत पणती ठेवावी असे. एके काळी त्यांतून वरचा उजेड आणि वारा खाली येई, धूर वर जाई. १९८०च्या दशकात डागडुजी केली तेव्हा त्यांत विजेचे दिवे बसवले. आता तिथून उजेड पडतो तो त्या दिव्यांचा.