करडईच्या कडेने

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले, की राजगुरुनगरनंतर खेडचा घाट येतो. तो चढून गेले की मोकळे पठार लागते. हे सातगाव पठार, आणि त्यावर पेठ. पावसाळ्यात इथे जिकडेतिकडे बटाटा. पुढे अवसरीचा घाट उतरले की मंचर. प्रवासी बहुधा भीमाशंकरच्या नाहीतर शिवनेरीच्या ओढीने निघालेले असतात. पेठेत मुद्दाम उतरणारा विरळा. मी उतरले, कारण माझी मामेबहीण इथे दिलेली आहे.

माघाचे दिवस होते. ज्वारी कणसात आलेली, आणि गुरांनी तोंड घालू नये म्हणून तिच्या कडेने करडईच्या चार ओळी. असे काटेरी कुंपण आता कमीच दिसते. करडईचे फूल उमलते पिवळे आणि सुकता सुकता केशरी-तांबडे होते. संस्कृतात हिला कुसुंभ म्हणतात. आपला 'कुसुंबी' रंग इथूनच आला. लुगड्याच्या वर्णनात हा शब्द वर्गात शिकवताना मी मुलांना नेहमी विचारते, हा रंग कुणी पाहिला आहे का? शहरातली मुले गप्प बसतात. एरवी करडई म्हणजे तेल आणि कोवळ्या पाल्याची भाजी, एवढीच आपली ओळख.

घरात शिरले तर भाची माजघरात पोटाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडलेली. वय एकोणीस, कॉलेजात शिकणारी. "मावशी, शाळेत होते तेव्हा एक दिवस दुखायचं, आता चार दिवस उठवत नाही," ती म्हणाली. तिची आजी बाहेर शेंगा फोडत बसली होती. तिने तिथूनच निकाल दिला, "लग्न झालं, पदरात मूल पडलं, की राहील आपोआप." हे वाक्य महाराष्ट्रात कोणत्या घरात बोलले गेले नसेल?

भाचीला मैत्रिणीने मोबाइलवर एका चिनी काढ्याची जाहिरात दाखवली होती. त्यातले मुख्य औषध म्हणे 'होंगह्वा', म्हणजे तांबडे फूल. चित्र पाहिले आणि आम्हा दोघींना हसू आवरेना. ती तर बांधावरची करडई!

मौजेची गोष्ट खरी, पण थट्टेची नव्हे. चिनी वैद्यकाची जुनी समजूत अशी, की जिथे वाहणे थांबते तिथे दुखते. एकाच जागी टोचणारी, गाठी पडणारी ओटीपोटातली वेदना म्हणजे रक्त तुंबल्याचे लक्षण, आणि ते मोकळे करणाऱ्या औषधांत करडईच्या पाकळ्यांना मान आहे. 1742 साली सम्राटाच्या आज्ञेने संकलित झालेल्या वैद्यकग्रंथातल्या एका प्रसिद्ध काढ्यात त्या पीचच्या बियांबरोबर येतात. पुढे 1830 मध्ये वांग छिंगरन या वैद्याने ओटीपोटातल्या साकळलेल्या रक्तासाठी काढा सांगितला. त्यातली नावे वाचताना मला आपल्याच फडताळापुढे उभी असल्यासारखे वाटले: बडीशेप, सुंठ, दालचिनी, आणि बाळंतिणीला देतात तो बोळदेखील. शेवटी मात्र उडत्या खारीच्या लेंड्या आहेत! याच तालुक्यात भीमाशंकरच्या रानात शेकरू राहते. त्याच्या मागे कोणी वैद्य लागला नाही हे त्याचे भाग्य.

आपल्या चरकानेही वीस योनिव्यापदांत 'उदावर्ता' सांगितली आहे. तिच्यात रज खाली न येता वर लोटले जाते, स्त्री कळांनी हैराण होते आणि स्राव झाला की तिला आराम पडतो. आणि 1927 साली सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरने मांडले, की पाळीचे रक्त उलट दिशेने बीजवाहिन्यांतून पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. यावरून चरकाला सारे ठाऊक होते असे म्हणायला मी तयार नाही. ती आपली जुनी खोड आहे. तिघांनी आपापल्या परीने त्या बाईचे दुखणे खरे मानले, इतके मात्र निश्चित.

आजच्या वैद्यकात या रोगाला एन्डोमेट्रिऑसिस म्हणतात. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर किंवा पोटाच्या पडद्यावर वाढतात, सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात, पुष्कळदा मूल होण्यातही अडचण येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे 19 कोटी स्त्रियांना तो आहे, म्हणजे पाळीच्या वयातल्या दहांपैकी एकीला. आणि निदानाला वर्षानुवर्षे लागतात.

मग चिनी काढा घ्यावा की नाही? 2012 मध्ये या विषयाचा नव्याने आढावा घेणाऱ्या अभ्यासकांना भरवशाच्या अशा दोनच चाचण्या सापडल्या, दोन्ही मिळून 158 स्त्रियांच्या. त्यांत काढे काही जुन्या संप्रेरक-औषधांच्या तोडीचे दिसले, त्रासही कमी झाला; पण एवढ्यावरून खात्री देता येत नाही, असेच त्यांनी लिहिले. शिवाय करडईच्या पाकळ्या गरोदर बाईला वर्ज्य, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोक्याच्या. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याची करडई काढली आणि पाकळ्यांच्या चहाचाही प्रसार केला. तो चहा खुशाल प्यावा, पण पोटात काय वाढते आहे हे त्याने कळत नाही. ते कळायला तपासणी हवी: सोनोग्राफी, आणि लागलीच तर दुर्बिणीची.

हे मी रात्री जेवणानंतर बहिणीला सांगत होते. मेहुणे ऐकत होते, न ऐकल्यासारखे. आजी भिंतीला टेकून बसली होती. मध्येच ती म्हणाली, "मला लग्नानंतर नऊ वर्षं काही नव्हतं. गावानं काय काय नावं ठेवली. पाळीत मी गोठ्यात पडायची, कुणाला दिसू नये म्हणून."

बहिणीने तिच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत हे तिने ऐकले नव्हते.

"मंचरला दाखवू या का उद्या?" मेहुण्यांनी विचारले.

"मंचरला कशाला?" आजी म्हणाली, आणि कनवटीची पिशवी सोडू लागली. "पुण्याला न्या. हिच्या मावशीबरोबरच."