बर्फावरचा नांगर

आर्वीच्या माणसाचा आणि बर्फाचा संबंध तो किती? उसाच्या रसातले चार खडे, लग्नातले सरबत आणि वैशाखात रसवंतीपुढे पोत्यात गुंडाळून ठेवलेली लादी. पारा ४५ अंशांपलीकडे जाऊन बसला की ती लादीसुद्धा आमच्याकडे अपराध्यासारखी पाहत विरघळू लागते. अशा गावच्या मराठीच्या प्राध्यापकाने स्कीइंग शिकायला काश्मिरात निघावे, ही बातमी स्टाफरूममध्ये फुटली तेव्हा एका सहकाऱ्याने फार आपुलकीने विचारले, "सर, घसरायला इतक्या लांब कशाला? पावसाळ्यात बाजाराच्या वाटेने जात जा."

बरोबर येणार होता माझा बालमित्र. तो कपाशी आणि तूर पिकवणारा, पूर्ण कोरडवाहू. माघात त्याला सहसा उसंत नसते. पण २०२४च्या त्या हिवाळ्यात त्याच्या घरात पहिल्या वेचणीपासूनचा कापूस छतापर्यंत भरलेला होता. लांब धाग्याचा हमीभाव होता क्विंटलला ७,०२० रुपये आणि बाजारातली बोली त्याच्या आतबाहेर घुटमळत होती. दोनच वर्षांपूर्वी दहा हजारांच्या वर गेलेला भाव ज्याने पाहिला आहे, त्याला हे विकवत नाही. घरात निजावे तर कापसाची खाज सुटते. "त्याच्यापरीस बर्फात मरू," असे म्हणून तो तयार झाला.

सैन्यात असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गुलमर्गच्या एका तरुण प्रशिक्षकाचा नंबर दिला होता. संक्रांत झाली की निघायचे, असा बेत. पण संक्रांतीच्या आधीच त्या तरुणाचा फोन आला. "साहब, मत आइए. बर्फ नहीं है." ऐन जानेवारीत गुलमर्गची कुरणे पिवळी, उघडी पडली होती, ही गोष्ट खरी, वर्तमानपत्रांतूनही छायाचित्रे आली होती. आगाऊ पैसे तो पाठवू लागला. मित्राने फोन माझ्या हातातून घेतला, पैसे ठेवून घ्यायला सांगितले आणि मग मला म्हणाला, "मास्तर, हा माणूस खरा आहे. आपल्या बाजारात असा अडत्या भेटला असता तं मी आज बंगल्यात रायलो असतो. आता जाचं तं याच्याकडंच जाचं." जानेवारीच्या अखेरीस बर्फ उतरले आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो.

प्रवासाचे वर्णन करीत नाही. नागपूरहून जम्मू, तिथून बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत श्रीनगर, पुढे सुमारे पन्नास किलोमीटरवर गुलमर्ग. शेवटची तेरा किलोमीटरची चढण टंगमर्गपासून लागते आणि देवदारांच्या फांद्यांवरचा पांढरा भार पाहताना माणूस आपोआप गप्प होतो. माझ्या मित्राने मात्र गाडीतून उतरताच मूठभर बर्फ उचलले आणि जिनिंगच्या दारात व्यापारी कापूस दाबतो तसे ते दाबून पाहिले. मूठ उघडली तर गोळा झालेला नव्हता. भुसा होऊन सारे खाली सांडले. "वाळेल माल आहे. ओलावा नाई," त्याने निकाल दिला. आमचा प्रशिक्षक हसला. स्कीइंगसाठी बर्फ पारखायची हीच रीत, असे तो म्हणाला. मुठीत लाडू वळला की बर्फ जड झाले, पट्ट्यांना धरून ठेवणार. वळला नाही तर धावणार. बर्फ कापसासारखे दिसते असे पुस्तकांतून वाचून मी कंटाळलो होतो. ते कापसासारखे पारखता येते, हे कुठल्या पुस्तकात नव्हते.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरांवर. स्कीइंगचा नाद इथे इंग्रज अधिकाऱ्यांनी आणला. १९२७ साली त्यांनी इथे क्लब काढला. उन्हाळ्यात जिथे गोल्फ चालतो तिथलेच सौम्य उतार हिवाळ्यात आमच्यासारख्यांच्या बालवर्गाला देतात. भाड्याचे बूट चढवताना अर्धा तास गेला. हे बूट म्हणजे पायाला घातलेली बेडीच; घोटा म्हणून वळायचा नाही. त्यात पावले ठेवून पट्ट्यांवर खट्कन दाबले की पाय आपले राहत नाहीत. पहिला धडा पडण्याचा. एका अंगावर, चढाच्या बाजूला पडावे. मग पट्ट्या उताराला आडव्या करून उठावे. आडव्या न करता उठणारा उठायच्या आत निघून जातो.

दुसरा धडा थांबण्याचा. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणायची, टाचा बाहेर फाकवायच्या, आतल्या कडा बर्फात रुतवायच्या. या आकाराला 'स्नो प्लाऊ' म्हणतात. "बर्फाचा नांगर," मी भाषांतर करून सांगितले आणि माझ्या मित्राच्या चेहऱ्यावर परक्या मुलखात गाववाला भेटल्यासारखा आनंद दिसला. पुढे वळण शिकवताना प्रशिक्षक सांगू लागला की डावीकडे जायचे तर भार उजव्या पायावर द्या. हे कुणाही शहाण्या माणसाच्या बुद्धीला उलटेच वाटते. मित्र म्हणाला, "मास्तर, नांगराची जोडी डावीकडं वळवाची असन तं जास्त कोणत्या बैलाले चालवा लागते?"

"उजव्याले."

"तेच सांगून रायला तो पोरगा."

आणि तो खरोखरच वळला. मी भाषेचा माणूस. मला आधी वाक्य समजते आणि पाय मागून येतात. भीतीने शरीर मागे रेलते, आणि मागे रेलले की पट्ट्या जास्तच पुढे पळतात. "साहब, पीछे मत बैठिए," हे वाक्य मी चार दिवसांत इतक्या वेळा ऐकले की त्याचा वाक्प्रचार व्हायला हरकत नाही.

एके दिवशी आम्ही रोपवेने वर गेलो. पहिला टप्पा १९९८चा, कोंगडोरीपर्यंत. दुसरा २००५चा, तो अफरवटच्या अंगावर सुमारे ३,९५० मीटरांवर नेऊन सोडतो. तिथून उत्तरेला, हवा स्वच्छ असली तर, नंगा पर्वत दिसतो. आम्हाला दिसला. त्यावर मी काही लिहू नये हेच बरे. तिथून खाली जाणारे खरे स्कीवाले पाहिले. रेशमावर कात्री चालावी तसे गेले. टंगमर्ग परिसराचाच आरिफ खान २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता आणि जायंट स्लॅलममध्ये ४५वा आला. आमच्या प्रशिक्षकाने हा क्रमांक ज्या अभिमानाने सांगितला, त्या अभिमानाने आम्ही पहिला क्रमांकही सांगत नाही.

पण मनात राहिली ती टंगमर्गची संध्याकाळ. प्रशिक्षकाने घरी नेले. कांगडीची ऊब, फेरन, गुलाबी रंगाचा मिठाचा चहा. माझ्या मित्राने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून, देवाचे नाव घेऊन दुसराही घेतला. मग त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी हिवाळ्याचा हिशेब सांगितला. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां', मग वीस दिवस 'चिल्लई खुर्द', शेवटी दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. चिल्लई कलांमध्ये पडलेले बर्फ घट्ट बसते, डोंगरावर टिकते. उन्हाळ्यात ओढ्यांना, भातखाचरांना, सफरचंदाच्या बागांना पाणी पुरवते. नंतर पडलेले बर्फ देखणे खरे, पण लवकर वाहून जाते.

मित्र चहा विसरून ऐकत होता. "हे तं आपले मृग अन् आर्द्रा," तो मला हळूच म्हणाला. मृगात पडलेल्या पावसावर पेरणी साधते. पुढे कितीही कोसळला तरी गेलेला वाफसा परत येत नाही. त्याने मोडक्या हिंदीत चौकशी सुरू केली. हंगाम किती दिवसांचा? डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत. यंदा किती बुडाला? निम्मा. मग जानेवारीत काय केले? प्रशिक्षकाने खाली पाहत सांगितले की सफरचंदाच्या पेट्या उचलल्या. स्लेज ओढणाऱ्यांना तर तेवढेही मिळाले नाही. मालक असो की मजूर, सगळे सकाळी उठून आभाळाकडे पाहायचे. "बर्फाचा विमा असतो का?" मित्राने विचारले. कुणाला प्रश्नच कळला नाही. त्याने मला भाषांतर करायला सांगितले. पण भाषांतर झाल्यावरही उत्तर आले नाही.

काश्मिरीत बर्फाला 'शीन' म्हणतात आणि पहिले बर्फ पडले की लोक एकमेकांना 'शीन मुबारक' म्हणतात. आमच्याकडे पावसाला झड, सर, भुरभुर, झिमझिम अशी डझनभर नावे. अभिनंदन मात्र कुणी कुणाचे करीत नाही. पहिल्या पावसात शेतकरी धुऱ्यावर उभा राहून नुसता ओला होतो.

शेवटच्या दिवशी मित्र बालवर्गाचा पूर्ण उतार न पडता उतरला. खाली नांगर घालून थांबला, घाम पुसला आणि आधी मोबाइलवर कापसाचा भाव पाहिला. भाव होता तिथेच होता.

आम्ही परतल्यावर, २१ ते २५ फेब्रुवारीला, गुलमर्गला 'खेलो इंडिया'चे हिवाळी सामने झाले. २०२५ साली मात्र फेब्रुवारीत पुरेसे बर्फ नव्हते म्हणून ते ९ ते १२ मार्चपर्यंत पुढे ढकलावे लागले. आता जून लागला की टंगमर्गहून फोन येतो: पाऊस आला का? डिसेंबर सरत आला की आर्वीहून फोन जातो: शीन आली का? दोघांचे हिंदी अजून तितकेच मोडके आहे, पण संभाषण बरेच लांबते. मध्यंतरी मित्राने घरच्या कापसाची सरकी काढून एक चांगली पाच किलोची रजई भरून घेतली आणि पार्सल करून टंगमर्गला पाठवली. आतल्या कापसाच्या किमतीपेक्षा पार्सलचा खर्च जास्त आला असावा. आकडा तो सांगत नाही, विचारले की म्हणतो, "मास्तर, पीछे मत बैठो."