मिनिटांना हात लावू नका

लेक-जावई जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतात. २०१८ च्या जानेवारीत आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो ते एप्रिलपर्यंत राहायच्या बेतानेच. व्हिसा नव्वद दिवसांचा मिळतो; एवढं तिकीट काढून पंधरा दिवसांत परत फिरायचं हे आमच्या पिढीच्या हिशेबात बसत नाही.

त्यांच्याकडे स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकच. शेगडीच्या खाली, कपाटातच बसवलेला ओव्हन. त्याच्या कपाळावर वेळ दाखवणारे पांढरे आकडे. समोरच्या भिंतीवर दुसरं घड्याळ होतं, रेडिओवर चालणारं. फ्रांकफुर्टजवळ माइनफ्लिंगन नावाचं गाव आहे, तिथून ७७.५ किलोहर्ट्झवर वेळेचा संदेश सतत प्रसारित होतो आणि जर्मनीतली असली घड्याळं तो पकडून स्वतःला दुरुस्त करून घेतात. जेवणाच्या टेबलाशी बसलं की डावीकडे ओव्हन, उजवीकडे हे घड्याळ. मला सकाळी चहा घेऊन तिथेच बसायची सवय लागली, त्यामुळे दोघांचं पटत नाही हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

लक्षात आधी आलं ते जावयाच्या. तो सकाळी कॉफी करताना ओव्हनकडे बघून निघायचा आणि फेब्रुवारीत एकदा त्याची लोकल डोळ्यांदेखत सुटली. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाला, "ओव्हनचं घड्याळ गेलं वाटतं. तीन मिनिटं मागे आहे." लेक म्हणाली, "मग लाव की नीट." बटणं दाबायला तो उठला, तेवढ्यात मी म्हटलं, "दोन-चार दिवस राहू दे. मला बघायचंय."

कारण माझी सगळी नोकरी वीज मंडळात गेली, तीही बहुतेक उपकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये, शिफ्टवर. विजेवर चालणारं घड्याळ मागे पडतंय म्हटलं की माझ्या मनात पहिला शब्द 'बिघाड' येत नाही, 'फ्रिक्वेन्सी' येतो.

मी सुरुवातीला नोकरीला लागलो तेव्हा पॅनेलवर पत्त्यांचं फ्रिक्वेन्सी मीटर असायचं. एका ओळीत पोलादाच्या बारीक पत्त्या, प्रत्येकीचं टोक पांढरं रंगवलेलं, खाली आकडे: ४८, ४८.५, ४९, असे. जी पत्ती ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीला जुळेल ती थरथरायची आणि तिचं पांढरं टोक पसरट, धूसर दिसायचं. बाकीच्या स्थिर. मीटरकडे नुसती नजर टाकली तरी कळायचं, आज काय चाललंय. पन्नासची पत्ती थरथरतेय असं दृश्य त्या काळात संध्याकाळच्या वेळी क्वचितच दिसे. दिवेलागणीला लोड चढला की थरथर डावीकडे सरकत जायची, कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून फोन यायचा, "फ्रिक्वेन्सी पडतेय, लोड काढा," आणि आम्ही फीडर बंद करायचो. कोयनेची यंत्रं चालू झाली की थरथर पुन्हा उजवीकडे यायला लागे. दर तासाला लॉगशीटवर तो आकडा लिहायचा, हे कामच होतं.

यातलं शास्त्र अगदी साधं आहे. एकमेकांना जोडलेली सगळी जनित्रं एकाच लयीत फिरतात. एका जुवाला जुंपलेल्या बैलांपैकी एकाने अंग चोरलं की सगळ्यांचीच चाल मंदावते, तसंच इथे. मागणी जास्त आणि निर्मिती कमी झाली की सगळी यंत्रं एकदम किंचित हळू फिरू लागतात आणि फ्रिक्वेन्सी खाली येते. आपल्याकडे आणि युरोपात ठरलेली फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला पन्नास आवर्तनं.

आता ओव्हनकडे येऊ. अशा घड्याळात वेळ मोजायला स्वतंत्र स्फटिक असेलच असं नाही. तारेतून येणारी आवर्तनंच ते मोजतं. पन्नास झाली की एक सेकंद, तीन हजार झाली की एक मिनिट, त्रेचाळीस लाख वीस हजार झाली की एक दिवस. बनवणाऱ्याचा खर्च वाचतो आणि एरवी वेळही उत्तम राहते, कारण ग्रिड सांभाळणारी मंडळी तिची काळजी घेतात. पण आवर्तनं संथ आली तर घड्याळही तेवढंच संथ चालतं.

म्हणून मी रोज सकाळी एकच गोष्ट करायला लागलो. ओव्हनचा मिनिटाचा आकडा बदलला की त्याच क्षणी मोबाइलवरचे सेकंद वहीत टिपायचे. नात शेजारी उभी राहून "आता बदलेल, आता बदलेल" करत असायची. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं. घड्याळ मागे पडत होतं, पण रोज सारखं नाही. कधी दिवसाला पाच सेकंद, कधी नऊ. घड्याळातच दोष असता तर ते रोज जवळजवळ ठरावीकच मागे पडलं असतं. हे कमी-जास्त होत होतं, म्हणजे कारण भिंतीच्या पलीकडे होतं.

मी जावयाला म्हटलं, "तुझा ओव्हन चांगला आहे. तुमची फ्रिक्वेन्सी कमी आहे."

तो हसला. "अहो बाबा, हे जर्मनी आहे."

"असू दे. खालच्या घरमालकीणबाईंना विचार, त्यांच्या ओव्हनमध्ये किती वाजलेत."

लेक खाली जाऊन आली. त्यांचाही ओव्हन मागे, आणि फरक जवळजवळ तेवढाच. बाईंनी दोन दिवसांपूर्वी तो दुरुस्तीवाल्याला दाखवायचं ठरवलं होतं म्हणे. त्यानंतर जावयाने माझ्याकडे बघायची नजर जरा बदलली, हे मी नाकारत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती बातमी सगळीकडे झळकली. युरोपातल्या वीज पारेषण कंपन्यांची एन्टसो-ई नावाची संघटना आहे, तिने जाहीर केलं की जानेवारीच्या मध्यापासून युरोपखंडाच्या ग्रिडची सरासरी फ्रिक्वेन्सी ४९.९९६ राहिली आहे आणि विजेच्या आवर्तनांवर चालणारी घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली आहेत. स्पेनपासून तुर्कस्तानपर्यंत आणि पोलंडपासून नेदरलँड्सपर्यंत, पंचवीस देशांत. सर्बिया आणि कोसोवो यांच्यातला वाद त्यामागे होता. त्या भागात वापर जास्त आणि निर्मिती कमी होत होती, आणि ती तूट कुणी भरायची यावर एकमत नव्हतं. न भरलेली वीज साचत साचत ११३ गिगावॅट-तासांवर गेली होती.

मी वही काढून जावयाला हिशेब करून दाखवला. पन्नासात ०.००४ कमी, म्हणजे साडेबारा हजारात एक. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की दिवसाला सात सेकंद मागे. पन्नास-बावन्न दिवस गुणिले सात, झाली सहा मिनिटं. माझ्या वहीतले पाच आणि नऊ सेकंद या सातच्याच आजूबाजूला होते. दूर बाल्कन प्रदेशातला राजकीय तंटा लेकीच्या ओव्हनवर सेकंदासेकंदाने उमटत होता आणि तो वाचायला लॉगशीट लिहायची जुनी सवय पुरली.

त्या रात्री जेवताना मी त्यांना आमच्याकडचे आकडे सांगितले, तेव्हा मात्र दोघांचा घास हातात राहिला. ४९.९९६ हा आकडा आमच्या वेळी लॉगशीटवर आला असता तर आम्ही पेढे वाटले असते. नव्वदच्या दशकात ४८.५ वर ग्रिड चालवणं आम्हाला नवीन नव्हतं. तेवढ्यावर ती दिवसभर राहिली तर असलं घड्याळ एका दिवसात त्रेचाळीस मिनिटं मागे पडेल. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात नवी दरपद्धत लागू झाली. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर तिचा दर त्या क्षणाच्या फ्रिक्वेन्सीवर ठरायचा. फ्रिक्वेन्सी जितकी खाली तितकी ती वीज महाग. पैसे जायला लागले तशी राज्यं शिस्तीत आली आणि आमचा मीटर पन्नासच्या आसपास दिसू लागला. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू होऊन दक्षिणेची ग्रिड बाकी देशाला जोडली गेली, आणि तेव्हापासून सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर चालतो. त्या रात्री मी ड्यूटीवर नव्हतो, तरी कंट्रोल रूममध्ये फोन करून आकडा विचारला होता.

बातमी आल्यावर लेक म्हणाली, "चला, कारण कळलं. आता लावते मी घड्याळ."

"मुळीच लावू नकोस," मी म्हटलं. "ते आपलं आपण बरोबर होणार आहे."

हा मुद्दा घरात कुणालाच पटेना. पण ग्रिडवाल्यांची रीत मला माहीत होती. युरोपात या वेळेचा हिशेब स्वित्झर्लंडची स्विसग्रिड ही कंपनी ठेवते. ग्रिडची वेळ खऱ्या वेळेपेक्षा वीस सेकंदांहून जास्त मागे पडली, की फ्रिक्वेन्सीचं लक्ष्य ५० ऐवजी ५०.०१ ठेवतात, पुढे गेली तर ४९.९९. त्यामुळे दिवसाला सतरा सेकंद भरून निघतात. यावेळी तूट इतकी लांबली की फरक सेकंदांवरून मिनिटांवर गेला. पण कोसोवोकडून होणारी तूट थांबली आहे, असं आता जाहीर झालं होतं. म्हणजे उरलेली सहा मिनिटं हळूहळू परत मिळणार होती. आज घड्याळ पुढे करून ठेवलं, तर महिन्याभराने ते सहा मिनिटं पुढे गेलेलं असणार.

ही म्हणाली, "गेलं तर गेलं पुढे. आपल्या स्वयंपाकघरातलं मी जन्मभर दहा मिनिटं पुढेच ठेवलंय." तेही खरंच. मुलांची शाळा त्या दहा मिनिटांवरच निभावली.

खालच्या बाईंनी मात्र बातमी वाचून त्याच दिवशी घड्याळ बरोबर लावून टाकलं.

वहीत आता उलटे आकडे येऊ लागले. रोज दहा-पंधरा सेकंद ओव्हन पुढे सरकत होता. मग आला २५ मार्च, मार्चचा शेवटचा रविवार. त्या पहाटे युरोपात दोनचे एकदम तीन वाजतात. रेडिओ घड्याळाने ते रात्रीच उरकलं होतं. मोबाइलचंही झालं. घरात माणसाच्या हाताची गरज फक्त ओव्हनला. त्या दिवशी तो खऱ्या वेळेपेक्षा दोन मिनिटं दहा सेकंद मागे होता आणि मला तास बदलायचा होता, ती दोन मिनिटं दहा सेकंद जशीच्या तशी ठेवून.

घड्याळाचं चित्र असलेलं बटण दाबून धरलं की तास लुकलुकतो. अधिकच्या चिन्हाने तो वाढवायचा. पुन्हा तेच बटण, मग मिनिटं लुकलुकतात. शेवटी पुन्हा बटण दाबलं की वेळ पक्की होते आणि सेकंद शून्यापासून सुरू होतात. मी ९:४५ लावून बोट बटणावर ठेवलं आणि मोबाइल नातीच्या हातात दिला. त्यावर ९ वाजून ४७ मिनिटं १० सेकंद झाले की ओरडायचं, एवढं तिच्या आईने तिला समजावलं. ओरडली आईच, नात फक्त नाचली. पण बटण वेळेवर दाबलं गेलं.

खालच्या बाईंचा ओव्हन तोवर चार मिनिटं पुढे गेला होता. त्यांनी रविवारी तो पुन्हा तंतोतंत लावला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमचा ओव्हन आणि भिंतीवरचं घड्याळ बरोबर एका वेळी मिनिट बदलू लागले. बाईंचा पुन्हा दोन मिनिटं पुढे होता. त्यांनी दोनदा बरोबर लावूनही त्यांचं चुकलं, आणि आमची मिनिटं कुणी न लावता जमली. यात बाईंचा काही दोष नाही. मागे पडलेलं घड्याळ पुढे करावं, हे कुणालाही सुचतं. मला सुचलं नाही, कारण त्या आकड्यांच्या मागे शिफ्टवर बसलेली, फोन उचलणारी, वहीत आकडे लिहिणारी माणसं मला दिसत होती. त्यांचं काम त्यांना करू द्यावं, मध्ये आपण बटण दाबू नये.

परत आल्यावर ओळखीत बऱ्याच जणांना मी हे सांगितलं. एकाने विचारलं, मग आपल्याकडे अशी घड्याळं मागे पडली असं कधी ऐकलं नाही ते कसं? मी म्हटलं, ग्रिड आता सुधारली आहे, ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात राहावी असा नियमच आहे. शिवाय आमच्याकडचा मायक्रोवेव्ह दर पावसाळी वाऱ्याला शून्यावर येऊन लुकलुकत बसतो. सहा मिनिटं मागे पडायची तर घड्याळाला आधी दोन महिने सलग वीज मिळावी लागते.