सर, नेट नाही!

पावसाळ्यातली गोष्ट. शाळेच्या संगणक कक्षातलं इंटरनेट बंद होतं. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, फायलींची यादी तारखेप्रमाणे कशी लावायची?" आमच्या संगणकांवर लिनक्स आहे. मला उत्तर येत नव्हतं. "नेट आलं की सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. तिचा चेहरा पडला. तिच्या घरी संगणक नाही. आठवड्यातला तो एकच तास तिचा. ते मला दिवसभर टोचत राहिलं.

शाळा सुटल्यावर एकटाच बसलो आणि 'मॅन एलएस' अशी आज्ञा दिली. समोर पूर्ण माहितीपुस्तिका! नेटशिवाय! हा 'मॅन' म्हणजे माणूस नव्हे बरं का, मॅन्युअलचं लघुरूप.

ही पानं संगणकातच, 'यूएसआर'मधल्या 'शेअर'मधल्या 'मॅन' फोल्डरात असतात. ग्रंथालयासारखे विभाग केलेले: पहिल्यात रोजच्या आज्ञा, पाचव्यात फायलींची रचना, आठव्यात व्यवस्थापकाच्या आज्ञा. पानं बहुधा कॉम्प्रेस करून ठेवतात आणि मजकुरात 'इथे मथळा, इथे ठळक' अशा खुणा असतात. आपण पान मागितलं की 'मॅन' ते उलगडतो, 'ग्रॉफ' खुणा वाचून मजकूर मांडतो आणि 'लेस' एकेक पडदा दाखवतो. स्पेस दाबली की पुढे, क्यू दाबलं की बाहेर.

युनिक्सची पहिली पुस्तिका केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये बेल लॅब्जमध्ये काढली. तिच्यात 'बग्ज' असाही भाग होता. म्हणजे आपल्याच कामातले दोष स्वतः लिहून ठेवलेले! ते कळल्यावर मी मनात खजील झालो. मला तर "येत नाही" एवढंही म्हणवलं नव्हतं.

पुढच्या तासाला तिला म्हटलं, "बाळा, त्या दिवशी मला येतच नव्हतं. चल, दोघं शोधू." इंग्रजी पाहून ती आधी बिचकली. मग तिरपी रेघ देऊन 'टाइम' शब्द शोधला, आणि 'उणे टी' हा पर्याय तिनेच काढून दाखवला.

आता वर्गात एक वही आहे. सापडलेली प्रत्येक आज्ञा मुलं तीत मराठीत लिहितात. शेवटची ओळ ठरलेली: 'अजून न कळलेलं'. तिथे मीही लिहितो.

तुमच्या वर्गात करून पाहा.