बारमाही टायर

‘बारमाही’ या शब्दावर आमचा लहानपणापासून विश्वास. माळव्यात ज्या विहिरीला बारमाही म्हणत, तिचे पाणी वैशाखातही आटत नसे. म्हणूनच २०२३ साली दिवाळीच्या सुमारास आम्ही उभयता कन्येकडे मॉन्ट्रियलला गेलो असता, जावईबापूंच्या मोटारीला ‘ऑल सीझन’ टायर आहेत हे ऐकून आम्ही निश्चिंत झालो. ऑल सीझन म्हणजे बारमाहीच. मग आणखी काय हवे?

जावईबापू मात्र स्वस्थ नव्हते. त्याच उन्हाळ्यात त्यांची व्हँकुव्हरहून बदली झालेली. तिकडचा हिवाळा बहुतांशी पावसाचा. तेथे याच टायरांवर निभावले होते. क्वेबेक प्रांतात तसे चालत नाही. २००८च्या हिवाळ्यापासून येथे हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि २०१९पासून सक्तीचा काळ १ डिसेंबर ते १५ मार्च असा आहे. नोव्हेंबर अर्धा सरला तेव्हा त्यांनी विचारले, “बाबा, या शनिवारी टायर बदलून घेऊ का?”

आमची सारी हयात शासकीय सेवेत गेली. मुदतीच्या तारखा आम्ही पाळल्या आणि इतरांना पाळायला लावल्या. आम्ही म्हणालो, “मुदत १ डिसेंबरची आहे ना? मग आत्तापासून खर्च कशाला?” जावईबापूंनी वडीलकीचा मान राखला आणि विषय तेथेच थांबला.

त्यानंतर आठवड्याभराने नातीला शाळेत सोडायला निघालो. कोट-दे-नेज नावाच्या रस्त्याने उतरत होतो. या फ्रेंच नावात ‘नेज’ म्हणजे हिम, हे आम्हांला नंतर कळले. रात्री पाऊस पडून वर हिमाची पातळ भुरभुर झालेली. सिग्नल लाल झाला, जावईबापूंनी ब्रेक दाबला. चाके थांबली, पण मोटार थांबली नाही. ती संथपणे, अगदी आवाज न करता घसरत गेली आणि पदपथाच्या कडेला आदळून उभी राहिली. कोणास इजा झाली नाही. मागच्या आसनावरून नात म्हणाली, “आजोबा, पुन्हा करायचं?” आम्हांला उत्तर सुचले नाही. जावईबापू एका शब्दानेही आम्हांला बोलले नाहीत, हे अधिक लागले.

त्याच दिवशी टायरच्या दुकानात गेलो. तेथील वयस्क मिस्तरीने आमच्या टायरवर बोट ठेवून सांगितले, ते असे: ऑल सीझनचे रबर साधारण सात अंश सेल्सिअसखाली ताठर होऊ लागते आणि रस्त्याला धरीनासे होते. त्यावरील ‘एम अधिक एस’ ही अक्षरे म्हणजे चिखल आणि हिम. पण ती टायरच्या नक्षीवरून मिळतात, हिमावरील परीक्षेतून नव्हे. परीक्षा उतरलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. क्वेबेकच्या कायद्याला तीच खूण लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरील असंख्य बारीक चिरा बर्फाला धरतात.

तिसरा एक प्रकारही त्याने दाखविला: ‘ऑल वेदर’. त्यावर डोंगराची खूण होती; म्हणजे कायद्याला चालणारा, वर्षभर ठेवता येणारा. वर्षातून दोनदा बदलण्याची मजुरी नाही, दुसरा संच ठेवायला जागा नको. “हेच घ्या” असे आमच्या अगदी ओठांवर आले. पण या खेपेस आम्ही गप्प राहिलो. मिस्तरीने विचारले, “गाडी कोण चालवते? किती वाजता?” कन्या म्हणाली, “मी. पहाटे सहाला, त्याच उतारावरून.” तो म्हणाला, हिवाळा सौम्य असेल तेथे ऑल वेदर उत्तम, पण महिनोन् महिने शून्याखाली राहणाऱ्या गावी, काचेसारख्या बर्फावर, निव्वळ हिवाळी टायरच लवकर थांबवतो. शिवाय दोन्ही संच अर्धे वर्षच झिजतात. पुढच्या दोनच चाकांना घातले तर? आमच्या काटकसरीचा तो शेवटचा प्रश्न. तो हसला. पुढची चाके धरतील आणि मागची बाजू घसरून मोटार फिरेल, असे त्याने हातानेच दाखविले. चारही हिवाळी टायर घेतले.

बारमाही हा शब्द खोटा नव्हे. पण तो कोणत्या गावच्या बारा महिन्यांविषयी आहे, हे विचारायचे आम्ही विसरलो. आणि मुदतीची तारीख ही विलंबाची अखेरची हद्द असते. शहाणपणाची वेळ तिच्याही आधी येते, हे सेवेत असताना कुणी सांगितले असते तरी आम्ही मानले नसते.

पुढल्या मार्चअखेरीस इंदूरहून आम्ही दूरध्वनी केला. १५ तारीख उलटून गेली होती, पण हिवाळी टायर अजून मोटारीलाच होते. “सकाळचा पारा सातच्या वर टिकू लागला की बदलीन,” जावईबापू म्हणाले. या वेळी त्यांनी आमचा सल्ला विचारला नाही. आम्हांला बरे वाटले.