इष्टूर फाकड्याच्या वाटेने

पुण्यातल्या सायकलवाल्यांचा एक गट जुन्या हायवेने मुंबईला निघाला, तेव्हा त्यात सर्वांत नवख्या होत्या इतिहासाच्या एक निवृत्त शिक्षिका. दीडशे किलोमीटर! सरावाच्या वेळी कुणीतरी सहज म्हणालं, "वाटेत वडगावला इष्टूर फाकडा भेटेल," आणि बाईंनी लगेच नाव दिलं.

निघण्यापूर्वी गटातल्या जुन्या गड्याने प्रत्येकाच्या पिशवीतलं निम्मं सामान काढायला लावलं. त्यामागचं शहाणपण बाईंना वडगाव मावळात, तिथली जुनी लढाई आठवताना पटलं.

रघुनाथराव पेशव्यांना पुण्यात सत्तेवर आणून बसवायचं म्हणून १७७८च्या अखेरीस इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. तोफा, रसद आणि ते ओढायला हजारो बैल. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतचे आठेक मैल जायला तिला अकरा दिवस लागले. कार्ल्याला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफगोळ्याने पडला. त्याच्या धाडसावर मराठेही खूश होते, म्हणून तो 'इष्टूर फाकडा' झाला. शत्रूला असं कौतुकाचं नाव देणारी माणसं मोठ्या मनाचीच म्हणायची. फौज तळेगावला पोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव जाळून रिकामं केलेलं. जड तोफा तळ्यात टाकून ती मागे फिरली, ती वडगावात वेढली गेली. जानेवारी १७७९मध्ये तिथेच तह झाला.

कार्ल्याची लेणी फाट्यावरूनच मागे पडली. लोणावळ्याचा मुक्काम कुणालाही आवडला नाही: गाद्या ओलसर, सायकली खांद्यावर घेऊन दोन जिने चढायचे, आणि पहाटे चहा मागितला तर नकार.

आदल्या दिवशीच्या चढांवर बाईंना पुढे घातलं होतं. त्यांच्या वेगाने सगळे, म्हणून कुणी मागे राहिलं नाही. घाट उतरताना मात्र अंतर ठेवून एकेकाने जायचं. शिंग्रोबाच्या देवळाशी सगळे पुन्हा एकत्र. इंग्रजांना घाटातली वाट याच शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, असं लोककथा सांगते.

खोपोलीनंतर ऊन, दमट हवा आणि ट्रक. बाईंनी मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफचा विषय काढला. इंग्रज सेनापतींच्या दिरंगाईवर तो फार भर देतो, मराठा सरदार महादजी शिंद्यांनी चारा-दाणा तोडून ती फौज कशी कोंडली याला तेवढं वजन देत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. गटातला एक तरुण इंजिनिअर ऐकेना: तळेगाव जाळलं ते नंतर, कार्ल्यापर्यंतचे अकरा दिवस कुणामुळे गेले? तोफा ओढत न्यायला लागलेला वेळ बाईंनी मान्य केला, पण मराठ्यांच्या तुकड्या रोज छापे घालत होत्या हे सोडलं नाही. पनवेलला उसाचा रस पिताना वाद थांबला, कळंबोलीला पुन्हा पेटला आणि मानखुर्दला सायकली उभ्या केल्या तरी मिटला नव्हता.