तक्त्याखालची ओळ

शिरूर-दौंडकडचे माझे बरेच रुग्ण हल्ली रिपोर्टसोबत मोबाइलवर आलेला साखरेचा तक्ताही दाखवतात. मी आकड्यांआधी तक्त्याच्या खाली बघतो. तो कुठून घेतला, हे बहुधा लिहिलेलंच नसतं.

त्याने काय बिघडतं? समजा, तुमची उपाशीपोटीची साखर १०५ आली. मधुमेहाची मर्यादा १२६, ती सगळीकडे सारखी. पण त्याआधीच्या धोक्याच्या टप्प्याची सुरुवात अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २००३ मध्ये ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये ती ११० वरच ठेवली. म्हणजे एका तक्त्यात तुम्ही नॉर्मल, दुसऱ्यात उंबरठ्यावर. रक्त मात्र तेच!

म्हणूनच शोधनिबंधात याची शिस्त असते. तक्त्याचा क्रमांक आणि शीर्षक सहसा वर, आकृतीचं खाली. मजकुरात 'तक्ता २ पाहा' असा उल्लेख. दुसऱ्याचा असेल तर कोणाचा, कोणत्या वर्षीचा, त्यात काय बदललं, तेही लिहायचं. छापायचा असेल तर गरजेप्रमाणे परवानगी घ्यायची. ओळखू येईल असा रुग्णाचा फोटो असेल, तर त्याची लेखी संमती हवीच. मुलांनो, प्रोजेक्टमध्ये 'गूगलवरून साभार' लिहू नका. गूगल फक्त पत्ता सांगतं. चित्र दुसऱ्याचं असतं.

पुढचा तक्ता आला की तीन गोष्टी शोधा: कोणी केला, कधी केला, कोणासाठी केला. गरोदरपणातल्या मर्यादा वेगळ्या असतात. उत्तर सापडलं नाही, तर त्यावरून घाबरू नका आणि गोळीही बंद करू नका. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे या.